शिवीचं बटण

कैरोच्या शुब्रा भागात, सकाळी शिजवलेले वाल विकणाऱ्या हातगाडीपुढच्या रांगेत माझ्या पुढे दोघे उभे होते: मायक्रोबस चालवणारे बयूमी आणि निवृत्त ताहेर मास्तर.

"बयूमी, तुझ्या लेकीनं, नशवानं बनवलेला गेम माझा नातू खेळतो. त्यातला ड्रायव्हर काय घाणेरड्या शिव्या देतो रे!"

"देणारच. आवाज माझाच आहे, मास्तर."

"आणि वर छाती फुगवून सांगतोस?"

"मग? तीस वर्षं या शहरात गाडी हाकली, ती काय लोकांना दुवा देत?"

"अरे, पोरंटोरं ऐकतात. काढून टाक म्हणावं."

"तिचा साहेबही तेच म्हणत होता. ही म्हणाली, शिव्या काढल्या तर तो माझा बाप राहणार नाही."

"शाब्बास! हेच शिकवलंस पोरीला?"

"नातवाला विचारा, गाडीत म्हातारी बाई चढली की काय होतं."

"काय होतं?"

"शिवीचं बटण चालत नाही. समोर कुणी कितीही गाडी आडवी घालो, ती उतरेपर्यंत ड्रायव्हरच्या तोंडातून ब्र निघत नाही."

"हे तू सांगितलंस तिला?"

"छे! मी असं करतो हे मलाच कुठे माहीत होतं? शाळा सुटली की ती माझ्या शेजारी बसायची. तेव्हा बघितलं असणार."

तेवढ्यात एक धटिंगण सरळ रांगेत घुसला. बयूमींनी तोंड उघडलं, सवयीनं मागे पाहिलं. मागे काठी टेकून मी उभी होते.

"भाऊ... रांग तिकडून आहे."

"काय रे बयूमी," मास्तर म्हणाले, "चालत नाही वाटतं बटण?"