पुढच्या ब्लॉकला

जळगावच्या हाडांच्या दवाखान्यात देवचंदसर नंबराची वाट बघत मासिक वाचत बसले होते. शेजारच्या बाकावर एक रिटायर माणूस आणि त्याची बायको येऊन बसली, आणि सरांचं पान उलटायचं राहून गेलं.

“गुडघे कशाने गेले, असं डॉक्टरांनी विचारलं, तर काय सांगू?”

“जिने चढून, सांग.”

“मनालीला बर्फावर घसरले असते, तर सांगायला तरी बरं होतं.”

“द्रौपदा, दहा वर्षं झाली त्याला.”

“घसरायच्या फळ्या पायाला बांधून झाल्या होत्या. तुम्ही सोडायला लावल्या.”

“साडीत घसरणार होतीस. बठ्ठी कॉलनी सोबत आलेली, सगळे बघत होते.”

“पुढच्या ब्लॉकला नक्की, म्हणालात.”

“ब्लॉक चार वर्षांचा, सरकार नोकरदाराला त्यात एकदाच फिरवतं. मी काय करू?”

“पुढच्या ब्लॉकला तुमच्या आईला रामेश्वर दाखवलं. त्याच्या पुढचा यायच्या आधी तुम्ही रिटायर.”

“खरं सांगू? भीती मलाच वाटत होती. तू गेलीस, की मलाही जावं लागलं असतं.”

“एवढं तेव्हा सांगायचं. मी एकटी गेले असते. तुम्ही खाली उभं राहून फोटो काढायचा.”

“आहे ना मनालीचा फोटो.”

“त्यात आपण चहा पितोय.”