झोळीतला पहिला कापूस

...रडले-बिडले नाही हो काकू, डोळे सुजलेत ते झोप नाही म्हणून. दह्यानं झोप उडवली माझी — हसा, हसा, कोणीही हसेल. काल सासूबाईंचा फोन आला मुकुटबनहून, "उद्या आपल्या वावरात सीतादही आहे, पूजा करून दहीभात शिंपतो अन् पहिला कापूस भैरवीच्या हातानं काढतो" — झालं. त्या फोन ठेवून निवांत झोपल्या असतील, अन् मी यवतमाळला छताकडे बघत पडलेली. दहीभात म्हणजे दही, दही म्हणजे कफ, वर सकाळचं दंव, झाडांवर फवारणी झालेली, बोंडांची वाळलेली टोकं, अन् ही एवढीशी पाच वर्षांची. आमचा अक्षय कूस बदलून म्हणतो, अगं, मी त्याच वावरात लोळून मोठा झालो. म्हटलं, म्हणून तर. पहाटेची पहिली एसटी धरली, सासरी कळवलं पण नाही. तसं दसऱ्याच्या सुट्टीत हिला आजीकडे मीच सोडून आले होते, स्वतःहून, कोणी म्हटलं नव्हतं — म्हटलं, आपल्यालाही सवय झाली पाहिजे.

हो, हीच ती. भैरवी, बाकावर नीट बस गं, पिशवीतला डबा दबतो आहे. बघा कशी पाय आवळून बसली. रुसली की अशीच बसते — म्हणजे अशीच बसत असावी, इतकी रुसलेली मी तरी आजवर पाहिली नाही.

अन् मला कळत नाही असं नाही काकू. एम.एस्सी. झाले आहे मी. मध्यंतरी रोज मोबाइलवर एका बाईंचं बोलणं ऐकत होते — दुसऱ्याला आपल्या मनासारखं वागवायचं सोडून द्या, मन आपोआप शांत होतं. काय गोड आवाज, मागे पाण्याची झुळझुळ. इतकं पटलं, इतकं पटलं की अक्षयला पाठवलं, नणंदेला पाठवलं, सासूबाईंनाही पाठवलं. अन् मग कोणी ऐकलं, कोणी नाही, ते तपासत बसले. अक्षयला तर जेवताना विचारलं, कुठपर्यंत आलास? तो म्हणाला, सोडून द्यायचं म्हणतात त्या. म्हटलं, ते तर सुरुवातीलाच आहे, पुढे ऐक.

तर वावरात पोचले तेव्हा सगळं सुरू झालं होतं. तुम्हाला माहीतच असेल — धुऱ्याजवळच्या कापसाच्या पराटीखाली देव म्हणून खडे मांडलेले, हळदकुंकू, आजूबाजूला दहीभात शिंपडलेला, वेचणीच्या बाया हसतखिदळत उभ्या. अन् मधोमध ही. आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी पोटाशी बांधलेली, ओठात जीभ धरून एकेक बोंड मोकळं करत होती, अगदी सावकाश. घरी पायात मोजे घाल म्हटलं तर घर डोक्यावर घेते. खरं सांगू? छान दिसत होती. मी थांबले होते पण, काकू. जरा वेळ थांबले होते, ते कोणाला दिसलंच नाही. मग हिच्या हनुवटीला दही दिसलं — अन् मी गेलेच. झोळीची गाठ सोडायला लागले, ती सुटेना, तर ओढली. सगळा कापूस चिखलात. ही "आई ऐक ना, आई ऐक ना" करत होती, तर म्हटलं, एक शब्द बोलायचा नाही, मी सांगेपर्यंत. सगळ्या बायांसमोर. अन् पर्समधून सॅनिटायझर काढून हात पुसले हिचे. पूजेतून उठवून.

सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एसटीत सगळी तयारी करून गेले होते — त्या हे म्हणतील, मग मी ते म्हणेन. त्या खाली बसल्या, चिखलातला कापूस वेचला, पदराला पुसला अन् एवढंच म्हणाल्या — "ने बाई. तुह्या पोटची पोरगी आहे." माझ्या तयारीत हे नव्हतंच.

अन् तेव्हापासून ही गप्प. मुकुटबनहून इथं मारेगावच्या स्टँडपर्यंत एक अक्षर नाही. एरवी कंडक्टरला विचारते, तुमच्या घंटीची दोरी कुठे जाते. आज भूक लागली? तर मान हलवते. खिडकीशी बसतेस? मान. आता काय करू सांगा. ओढून आणता येते पोरगी, ओढून बोलती करता येते का? मघा म्हटलं, जाऊ दे, सोड, बोलेल तेव्हा बोलेल. मनात ठरवलं, यवतमाळ येईपर्यंत बोलली तरी चालेल. बघा — तिनं कधी बोलायचं तेही मीच ठरवून मोकळी.

नको नको काकू, संत्रं नको, हिला कफ — बरं, द्या. नाही, खरंच द्या, तिच्याच हातात द्या, मी तिकडे बघतच नाही. घे गं, काकू देताहेत. बिया तेवढ्या — नाही, काही नाही, खा तू. घेत नाही का? हात मागेच? मग राहू द्या. माझंच चुकलं, मी मध्ये बोलले. आता गप्प बसते मी. अगदी गप्प. यवतमाळची गाडी लागली तरी मी म्हणणार नाही की ऊठ.

...

काय गं? ओढणी सोड, चुरगळते आहे —

"आई, आता बोलू का? मले शू आली, मुकुटबनपासून."