खंडेनवमीची दोन मशीनं

...आन् वर तुमी मलाच इचारता, "हवालदार, दोनीतलं कुठलं मशीन चांगलं?" कुठलं मशीन चांगलं म्हनं! आवं, तोंड हाय म्हनून कायबी इचारायचं व्हय? बसा. वडूजच्या एस्टीला अजून टाइम हाय. च्या सांगा आन् ऐका, पर मधी बोलू नका, माझं टकुरं आदीच तापलंय.

तुमाला सांगतो, ह्यो नाथाजी एकाहत्तरची लढाई बघून आलेला मानूस. पलटनीत झाडं तोडायच्या मशीनवरच हुतो मी. पेन्शनीत आलो तवा खडकीच्या लिलावात एक जुनं मशीन घेतलं. ग्रोबेल! परदेशी, तांबडंभडक. दोरी वढली की सुरू, आन् बाभळ बघता बघता आडवी. लांबलांबची लोकं बघाय यायची! आन् हे बघून कुनाच्या पोटात दुखलं? लालासायबाच्या. लालासायब म्हंजे माझा चुलतभाऊ, भिंतीला भिंत, आन् वाटनी झाल्यापास्नं बारा वर्सं बोलनं न्हाई. त्यो तडक गेला धरनाच्या कामावर आन् ठेकेदाराकडनं दुसऱ्या कंपनीचं मशीन घिऊन आला. नोर्विक! पिवळंजर्द! आन् गावभर सांगतो कसं, नाकातनं, "आमचं वजनाला हल्लकं हाय. हवालदाराचं उचलायला दोन गडी लागत्यात." आरं, दोन गडी? तुझ्या बापानं उचललंवतं का कवा मशीन?

आता मेंटनन्सचं इचारता म्हनून सांगतो. माझ्या ग्रोबेलचा प्लग एका पान्यानं निघतो, पुसायचा, लावायचा, झालं काम. त्येच्या नोर्विकला न्यारीच चावी लागती, आन् ती चावी ऱ्हायली धरनावर! साखळीला धार लावायची तर कानस मिळंना, मग त्येचा गडी गेला मिरजंला, तंबोरे करत्यात त्यांच्या दारात, बारीक कानस त्यांच्याकडंच म्हनून. त्यो कारागीर बिचारा साखळी हातात धरून म्हनतो, "ह्ये कुठल्या सुरात लावायचं?" खरं सांगतो, धार झकास लावली हुती त्यानं. नोर्विक पेट्रोल कमी पितं, त्येबी खरं. माझं पितं लय, पर बंद पडत न्हाई. पडत न्हवतं. खंडेनवमीपातूर!

खंडेनवमीला हत्यारांची पूजा, ही तुमाला काय सांगायची? नांगर, कुळव, खुरपी, कुऱ्हाडी, समदं धुवायचं, मांडायचं, हळदी-कुकू लावायचं, आन् दसऱ्याला उचलंस्तवर कुनी हात लावायचा न्हाई. मी गेलतो गुरं धुवाय वढ्याला. घरी येऊन बघतो तर माझं मशीन पाटावर, वलंचिंब! आमच्या मंडळीनं, मनुबाईनं, हौदात बुडवून, राख लावून, काथ्यानं घासलंतं! हवा घ्यायच्या भोकात झेंडू खवलावता, आन् टाकीचं टोपन उघडून शेंगांचं गोडंतेल वतलंतं, शिगंपातूर! मी वराडलो, "आगं, ह्ये काय केलंस?" तर म्हनती कशी, पदर खवून, "वरसाचा सन हाय, देवाला उपाशी ठिवायचं? आन् आता गप ऱ्हावा, पूजेतल्या हत्याराला हात लावू नका!"

आन् ह्ये समदं भिंतीवरनं कोन बघत हुतं? लालासायबाची चंद्राबाई! तिला दम निघतोय व्हय? हिनं हौदात एकदा बुडवलं तर तिनं दोनदा. हिनं गोडंतेल घातलं तर तिनं तूप घातलं. तूप! आमाला सनाला चमच्यानं वाढत्यात, आन् मशीनला लोटाभर! आन् तुमी इचारता कुठलं मशीन चांगलं म्हनं!

आन् नेमकं त्याच सांजंला परतीच्या पावसाचं वारं सुटलं आन् आळीच्या तोंडावरली थोरली चिंच पडली. आडवी! आमची दोनी घरं आत, झाड भायेर, वाट बंद.

आता हितं खरी गोम हाय. दसऱ्याला भैरोबाची पालखी शिवंला जायाची, ती आमच्या आळीतनं जाती. एक साल माझ्या दारात आरती, एक साल लालासायबाच्या. आज्याच्या येळंपास्नंचा मान! औंदा पाळी माझी. आन् गुरव, नानासो, सकाळी चिंचंपाशी हुबा ऱ्हाऊन म्हनतो, "हवालदार, दिस कलायच्या आत वाट झाली तर झाली, न्हाईतर पालखी खालच्या आळीनं न्यावी लागंल. आन् एकदा पालखीची वाट मोडली की कायमची मोडली, म्होरं माझ्याकडं भांडाय येऊ नका."

ऐकलं का? आज्याचा मान एका चिंचंपायी चालला!

पूजा उचलली आन् मशीन घिऊन आलो. सारं गाव गोळा. दोरी वढली. कायबी न्हाई. पुना वढली. फुस्स! प्लग काढला, पुसला, चुलीवर शेकला, टाकी उलटी केली, नवं पेट्रोल घातलं, वढली. पन्नासदा वढली! मशीनच्या नळीतनं वडापावासारखा... न्हाई, भजी तळल्यागत वास यायला लागला, पर मशीन हूं का चूं करंना. मग आला लालासायब, छाती फुगवून, पिवळं मशीन खांद्यावर. माझ्याकडं न बघता गुरवाला म्हनतो, "नानासो, सांगा त्यास्नी, आता बाजूला व्हा म्हनावं. त्यांच्या मानाची पालखी आमचं मशीन आननार." माझ्या तळपायाची आग मस्तकात! त्यानं दोरी वढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोरी हातात आन् मशीन भुईवर! भोकातनं तुपाचे गोळे पडाय लागले, आन् गावाची कुत्री पयली तिथं गोळा. आन् मी हसलो, खोटं कशाला बोलू, पोट धरून हसलो... आन् मग सूर्याकडं बघितलं आन् हसू आटलं.

लालासायबाची म्हातारी, धोंडुबाई काकी, काठी टेकत आली. म्हनली, "मुडद्यांनू, तुमच्या आज्याची करवत कुटं हाय रं?"

झालं.

आज्याची करवत म्हंजे दोन मानसांची, दोनी टोकांला मूठ, ह्यानं वढायची, त्यानं वढायची. वाटनीत समद्याचे दोन भाग झाले, पर करवतीचं कसं करायचं? पंचांनी केलं! पातं नाथाजीला, मुठी लालासायबाला. आमी दोगंबी खूस, दुसऱ्याला मिळाली न्हाई म्हनून! पातं माझ्या माळ्यावर धुरात, मुठी त्येच्या कनगीमागं. बारा वर्सं ना पूजेला काढली, ना कुनी धुतली. म्हनून तर वाचली!

मी पातं आनलं. त्यानं मुठी आनल्या. ठोकल्या, बसलो समोरासमोर. मी वढतोय तवा त्यो बी वढतोय! त्यो सोडतोय तवा मीबी सोडतोय! पातं वाकायला लागलं, लोकं हसाय लागली, आन् दिस खाली चाललेला. तवा, तुमाला सांगतो, बारा वर्सांनी त्यो बोलला. हळूच. "दादा, तू वढ. मी सोडतो."

च्या... च्या गार झाला का वो?

मग चालली बगा करवत! पेट्रोल न्हाई, प्लग न्हाई, चावी न्हाई. दिस बुडायच्या आत चिंच तीन तुकडं! पालखी आली, मनुबाईनं ववाळलं, चंद्राबाईनं ताट धरलं, माझ्या डोळ्यांला पानी. लालासायबानं आपट्याचं पान हातात ठिवलं, पाया पडला. मी त्येला उराशी धरला. गाव रडलं वो!

आन् दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो, तर पातं माझ्या दारात टेकवून ठिवलेलं. नुसतं पातं! मी भिंतीवरनं इचारलं, "लाला, मुठी?" तर म्हनतो कसा, दात घासत घासत, "दादा, वाटनी ती वाटनी."

तवा आता तुमीच सांगा, कुठलं मशीन चांगलं म्हनं! सगळ्यांत चांगलं माझ्या माळ्यावर हाय. कवाबी घिऊन जावा. मुठी तेवढ्या त्येच्याकडनं मागून घ्या.