तांडेलांचा चहा

नव्वद म्हणजे चांगलंच ना गं वैष्णवी? दर महिन्याला तूच येतेस ते मशीन घेऊन, माझ्या दंडाला पट्टा आवळतेस नि म्हणतेस, जमनाकाकी, प्रेशर कमी व्हायला पाहिजे, कमी व्हायला पाहिजे — आता ह्यांचं कमी आलं तर तुझं तोंड का उतरलं? काल बोटीवर चक्कर आली त्यांना, सुकाणूवरच कलंडले, धीरज खलाशानं धरलं म्हणून बरं — म्हणून तर तुला उपकेंद्रातून बोलावून घेतलं. मला वाटलं दोनशे येणार. नव्वद आलं, देव पावला. झोपू दे त्यांना आत. तू बस इथं ओट्यावर, नि त्या जाळ्यावर पाय नको देऊ.

औषध? कसलं औषध? हे नि औषध! नारळी पौर्णिमेच्या आधी बंदरावर शिबिर झालं तेव्हा मोजलेलं, एकशे सत्तर का काय — तूच होतीस ना? गोळ्या दिलेल्यास ना तू? त्या कुठं गेल्या माहीत हाय? खाडीत. माझ्या डोळ्यांदेखत. का, तर तांडेलानं गोळी खायची नसते! म्हणे बोट मी चालवतो, सात खलाशी माझ्या भरवशावर दर्यात येतात, त्यांना कळलं तांडेल दुखणाईत हाय तर उद्या दुसऱ्याच्या बोटीवर चढतील. आन दुखतंय काय पण? काहीच दुखत नाय, तेच तर तू सांगतेस — आतल्या आत वाढतं नि एक दिवस माणूस आडवा. ह्यांच्या थोरल्या भावाचं तसंच झालं, कमलाकांतभावजींचं. दोन दिवस चक्कर चक्कर म्हणत होते, तिसऱ्या दिवशी जाळं विणता विणता तोंड वाकडं. तीन वर्षं भरवलं मी त्यांना, ह्या हातांनी. पण ह्यांना सांगून बघ! भिंतीशी बोललेलं परवडलं.

मिठाचं तर नावच काढू नको. मीठ कमी करा, सुकं खारं बंद करा म्हणतेस — बघ अंगणात काय सुकतंय! जन्म गेला मासळी खारवण्यात, माझ्या बोटांच्या चिरांत मीठ हाय. एक दिवस कालवण अळणी केलं तर ताट सरकवलं नि उठून स्वतः खारा बांगडा भाजून घेतला. मी बोलले नाय? बोलले! पलीकडच्या तानीला ऐकू गेलं एवढं बोलले. उपयोग काय?

आता माझा दंड कशाला? बरं, मोज बाई. बोलू नको? नाय बोलत — पण तो धीरज काल — बरं बरं, गप्प. पहिल्यापासून मोज.

किती? एकशे नव्वद? असेल. उन्हात सुकट उलटत होते ना मी. घेते की गोळ्या. घेते म्हणजे — न्यायला येते ना तुझ्याकडं वेळेवर? वहीत बघ तुझ्या, एक महिना चुकलाय का माझा? उतरत नाय म्हणून पालघरच्या मोठ्या डॉक्टरांनी जास्त पावरची दिली, तीही आणली. एक गोळी फुकट नाय घालवली, दर्याची शप्पथ. मग डोळे काय वटारतेस?

किती खोदून विचारशील गं? — हो. चहात. झालं समाधान? लाटणं फिरवून पूड करायची नि ह्यांच्या चहात. आठ महिने झाले. साखर जास्त घालते, चव कळत नाय. स्वतःच्या नावाच्या गोळ्या खाणार नाय, उपकेंद्राची पायरी चढणार नाय, मग मी काय करायचं होतं? रोग एकच तर गोळीही एकच, असं समजले मी. माझं काय, मी पडले तर अंगणात पडेन. ते पडले तर पाण्यात. दोघांत एकाला तरी मिळायला पाहिजे होती ना? पण राग यायचा हां मला, रोज सकाळी पूड करताना दात-ओठ खायचे मी — बायकोचं औषध ढोसतोय हा माणूस, नि वर खलाशांना सांगतोय, मला काय धाड भरलीय!

ती जास्त पावरची? सोमवारपासून. चक्कर काल. — तिच्यामुळं? गोळीमुळं चक्कर येते?

आज सकाळी... अगं, चक्कर आली म्हणजे प्रेशर वाढलं, दुसरं काय समजणार मी? भावजींनाही आधी चक्करच आलेली. म्हणून आज दोन घातल्या. जास्तवाल्या. पेला निपटून प्यायले. म्हणाले, आज चहा चांगला झालाय.

अशी काय उठलीस? फोन कुणाला? — गाडी? नको गं, गाडी आली तर अख्खं दातिवरे गोळा होईल, बोटीवरच्यांना कळेल, आठ महिने मी तोंड शिवून — बरं. बरं, बोलाव. गल्लीत शिरायची नाय ती, रस्त्यापर्यंत उचलून न्यायला लागेल. धीरजला हाक मार, बंदरावर हाय तो. म्हणावं, सगळ्या खलाशांना घेऊन ये, तांडेलाला उचलायचंय. गोळ्यांचंही सांग. कळू दे सगळ्यांना.

तू आत जा आधी. हलवून बघ. — उघडले डोळे? बोलतायत ना? काय म्हणतायत?

चहा मागतायत?

तूच सांग त्यांना, वैष्णवी. मला नाय जमायचं.