सत्कारमूर्ती उभे आहेत

...आणि वर मलाच म्हणतात, "आजी, तुम्ही चांगल्या कामात नाट लावता!" मी? अहो, मी एवढंच विचारलं ना, खुर्ची कुठाय? सत्कार करा, गुच्छ द्या, टाळ्या पिटून पिटून हात लाल करा, माझं काही म्हणणं नाही... पण खुर्ची कुठाय?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटायचं, म्हातारी खुर्चीसाठी हपापलीय.

आमच्या बिल्डिंगच्या गेटवरचा वॉचमन हो. पन्नाशी उलटलेली, उजवा गुडघा सुजून भोपळा झालेला, पण कुणाच्या हातात जड पिशवी दिसली की हा लंगडत पुढे. त्याची एक खुर्ची होती. खुर्ची म्हणजे काय, प्लॅस्टिकची, एक पाय मोडका, त्याला निळ्या दोरीनं काठी बांधलेली. त्याचा गुडघा गेलेला, तिचा पाय गेलेला, दोघं एकमेकांना सांभाळून होती, नवरा-बायकोसारखी! संध्याकाळी मी खाली उतरले की उठून मला बसवायचा. "बसा आजी, तिलाही जरा हलकं माणूस मिळू दे."

तर एक दिवस कुणीतरी वरच्या गॅलरीतून त्याचा फोटो काढला. टेकून बसलेला, डोळे मिटलेले. झालं! सगळ्या बिल्डिंगच्या मोबाईलवर तो फोटो, आणि खाली ज्याची त्याची अक्कल. "याला झोपायला ठेवलाय का?" अहो, दुपारी जेवून तुम्ही सगळे घोरता, तुमचे फोटो काढायला कोण येतं का?

आमचे सेक्रेटरी म्हणजे कसे, साखर मागायला आले तरी समोर माईक असल्यासारखे बोलतात. ते खाली आले आणि खुर्ची उचलून घेऊन गेले. मी वर जाऊन विचारलं, तर म्हणतात, "आजी, माणूस बसला की सुस्तावतो." आणि हे सांगत होते कसे? सोफ्यावर लोळून!

तेव्हापासून वॉचमन दिवसभर उभा. मी म्हटलं, "अरे, घडीभर का होईना, त्या पायरीवर तरी टेक." तर हसतो. "आजी, झाडं नाही का उभी राहत? फरक एवढाच, झाडाला कुणी सलाम ठोकायला लावत नाही."

बरं, मग एके दिवशी आमच्या सूनबाई मोबाईल नाचवत आल्या. "आई, पलीकडच्या बिल्डिंगवाल्यांनी त्यांच्या वॉचमनचे आभार मानले! केवढे फोटो टाकलेत! आता आपणही मोठ्ठा सत्कार करणार." म्हणजे बघा हं, आभार आमच्या वॉचमनचे आणि जळफळाट शेजारच्यांवर! मी म्हटलं, छान, मग खुर्ची परत देणार का? "आई, असं काय करता, काहीतरी संस्मरणीय द्यायचं असतं." गुडघ्याला संस्मरणीय कळतं का हो?

सत्काराच्या दिवशी सकाळी गेटातून टेम्पो आला. आत काय? खुर्च्या! टेम्पोभर खुर्च्या, पांढऱ्या झगझगीत, पाठीला लाल रिबिनी बांधलेल्या! आणि त्या उतरवल्या कुणी? वॉचमननं! लंगडत लंगडत, गेटापासून मागच्या हॉलपर्यंत. मी मांडववाल्याला म्हटलं, बाबा, यातली एक इथंच राहू दे. तर म्हणतो, "आजी, त्या मोजून परत न्यायच्या असतात."

हॉल भरला. सेक्रेटरी खुर्चीत, त्यांच्या बाई खुर्चीत, सूनबाई खुर्चीत, जिना चढतानासुद्धा वॉचमनकडे न बघणारे सगळे खुर्चीत... आणि सत्कारमूर्ती? उभे! एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात काचेची फ्रेम. फ्रेममध्ये फोटो कुणाचा, त्याचाच. त्यात तो काय करतोय? उभा आहे आणि सलाम ठोकतोय!

सेक्रेटरींनी माईक धरला. आता खराच माईक मिळाला, मग काय विचारता! "आमचे वॉचमन म्हणजे या इमारतीचा कणा!" अहो, कणा म्हणता, मग पाठ टेकायला नको का कण्याला? "ऊन असो, पाऊस असो, आम्ही यांना कधी बसलेलं पाहिलं नाही!" बसणार कशावर? मी मागून मोठ्यानं विचारलंच, खुर्ची कुठाय? तर चार जणींनी सरकून मला जागा दिली. "बसा आजी, बसा!"

मग म्हणाले, सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत. तो बिचारा कानकोंडा झाला. माईकला म्हणाला, "साहेब, मी जाऊ का? टेम्पोसाठी गेट उघडं ठेवलंय."

काय टाळ्या पडल्या, तुम्हाला सांगते! "वा! याला म्हणतात निष्ठा!" कुणी डोळे पुसले. आणि जाऊ दिलं का? छे! "असेच उभे राहा, आणखी एक फोटो!" मग बायकांबरोबर फोटो, मग पोरांबरोबर, मग सेक्रेटरींबरोबर पुन्हा, कारण आधीच्यात त्यांचे डोळे मिटले होते. त्यांचे मिटलेले चालतात!

आणि तिकडे सेक्रेटरींचा कुत्रा... त्याला सगळे बाळ म्हणतात, मीही म्हणते, न म्हणून सांगते कुणाला? तर बाळ खाली मोकळा सोडलेला. रोज गेटाकडे धावला की वॉचमन त्याला पट्ट्याला धरून परत आणायचा. त्या दिवशी धरणारा हॉलमध्ये फोटो काढून घेत होता. बाळ गेला निघून!

मग जी बोंबाबोंब झाली! हातातला गुच्छ खाली ठेवायचीही सवड नाही, गुच्छासकट बोलणी खाल्ली बिचाऱ्यानं. "ड्यूटीवर असताना गेट सोडलंच कसं?" मी म्हटलं, अहो सेक्रेटरी, तुम्हीच बोलावलं ना सत्काराला? तर म्हणतात, "आजी, मी सत्काराला बोलावलं. गेट सोडून या, असं कुठं म्हटलं?"

आता यावर बोला!

बाळ दिवेलागणीच्या आत भूक लागल्यावर शेपूट हलवत आपला आपण परत आला. त्याला जवळ घेतलं, कुरवाळलं, खाऊ घातलं. वॉचमनला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

जाताना माझ्या दारात आला. म्हणाला, "आजी, ही फ्रेम तुमच्याकडे ठेवा. बायको विचारेल, सत्कार केला तर काढलं कसं? मला उत्तर येत नाही." घेतली फ्रेम. पलंगाखाली आहे.

मग मात्र राहवलं नाही. गेले सेक्रेटरींकडे, म्हटलं पाया पडते, पण त्याला परत घ्या. ते फोनवर बोलत होते, हातानंच बसा म्हणाले. मी गॅलरीकडे वळले आणि बघते तर काय, कोपऱ्यात ती खुर्ची! तीच, मोडका पाय, निळी दोरी! आणि खुर्चीत बाळ, मुटकुळं करून घोरतोय! सेक्रेटरीबाई ओठांवर बोट ठेवून मला म्हणतात, "श्शू... आजी, हळू. आत्ताच डोळा लागलाय."

चार दिवसांनी गेटवर नवा वॉचमन आला. वर सत्काराचा भला मोठा फलक अजून लटकतोय, सूनबाईंनी वाचून दाखवला, "आमचे रक्षक, आमचा अभिमान", आणि त्याच्याखाली हा उभा. मी खाली उतरले तर हळूच विचारतो, "आजी, इथं बसायला काही मिळतं का हो?"

म्हटलं, बाबा, उभ्यानंच कर. आणि एक सांगते, पदराला गाठ बांधून ठेव... फार चांगलं काम करू नकोस. सत्कार करतील.