मास्कमधली गळती

हसू नका, त्या दिवशी सुकलालनं मला जवळजवळ वर पाठवलं होतं. सिल्वासाला धाग्याच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो आणि धुळ्याकडचा हा फिटर माझ्याच खोलीत राहायचा. झोपेत माझा श्वास थांबायचा, म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी हवेचं मशीन दिलं. नाकावर मास्क बांधून झोपायचं.

पहिल्याच दिवशी नाइट शिफ्ट करून आलो, मास्क लावला आणि गाढ झोपलो. थोड्याच वेळात घुसमटून उठलो. बघतो तर मास्कच्या भोकांवर टेफलॉन टेपचे वेढे!

“सुकल्या, हे काय केलंस?”

“हवा लीक होत होती ना साहेब. सूं सूं आवाज येत होता.”

“अरे, तिथून मी श्वास बाहेर सोडतो! विचारायचं तरी!”

“तुम्हीच सांगेल आहे ना, हवेचा आवाज आला की विचारत बसायचं नाही, आधी बंद करायचं.”

कारखान्यात कंप्रेसरची हवा वाया जाते म्हणून रोज तेच ओरडायचो मी.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याकडून मराठी, गुजराती, हिंदीत पाटी करून घेतली आणि पलंगावर टांगली: ‘ही गळती दुरुस्त करू नये. हुकमावरून.’