आबाची धार

फौजेचा विषय निघालाय, तर आमच्या थोरल्या भावाचं ऐका. एकाहत्तरची लढाई करून आबा पेन्शनीवर आला आन वैनीला म्हणाला, "घरात काम तरी काय असतं? जा खुशाल माहेरी, मी बघतो."

वैनी गेली. म्हस त्याला धार काढू देईना, लाथ घालायची. मग आबा वैनीचं लुगडं नेसून, डोईवर पदर घेऊन बसला. म्हस फसली, दूध दिलं.

पाठमोरा पदर बघून कुडापल्याडची शेजारीणबी फसली. "आक्का, इरजण ठेवलंय का? धाकट्याचा खोकला थांबला का? खुडूक कोंबडीखाली अंडी घातली का? परवाच्या बारशाला काय न्यायचं?"

आबाला एकाचंबी उत्तर ठावं न्हवतं.

दुसऱ्या सकाळी तो इजारीवरच धारंला बसला. म्हटलं, "आबा, लुगडं?"

म्हणाला, "लाथ परवडली, गड्या."